फजिती विशेषांक

जून महिन्यात शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात कामांची वाटणी होते. शालेय पोषण आहार, शिष्यवृत्ती, यू-डायस, हरित सेना, स्काउट-गाईड, सहल, तक्रारपेटी असा फळाभर तक्ता असतो. ज्येष्ठ मंडळी बैठकीला वेळेआधी येऊन बसतात आणि ज्यात वर्षभर काहीच करावं लागत नाही अशी कामं ‘शाळेसाठी एवढं तर केलंच पाहिजे’ म्हणत अंगावर घेतात. सर्वांत जास्त मागणी तक्रारपेटीला. तिची चिठ्ठी टाकायची फट मागच्या रंगकामात बुजली आहे आणि तेव्हापासून शाळेविषयी एकही तक्रार आलेली नाही. शेवटी तक्त्यात एक ओळ उरते, भित्तिपत्रक. आणि बैठकीत एक माणूस उरतो, ज्याची एसटी चुकली तो. यंदा ती एसटी माझी होती.

“बाई, तुमचं अक्षर सुंदर आहे,” मुख्याध्यापक म्हणाले.

“सर, माझं अक्षर तुम्ही कधी पाहिलंत?”

“रजेच्या अर्जावर. नेहमीच पाहतो.”

यावर पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

भित्तिपत्रकाचा फलक आमच्या शाळेत जिन्याखाली, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे आहे. लाकडी चौकट, काचेचं दार, दाराला कुलूप. आत गेल्या वर्षीचा पर्यावरण दिन होता आणि काचेआड एक पाल सहकुटुंब राहत होती. किल्ली आधीच्या प्रमुखांकडे, आणि आधीचे प्रमुख निवृत्त होऊन लेकाकडे नाशिकला. फोन लावला तर म्हणाले, “किल्ली माझ्याकडेही नव्हती हो. मी अंक बाजूच्या फटीतून सरकवायचो.” एवढ्या चिकाटीच्या माणसाला भित्तिपत्रकाशिवाय दुसरं काही का दिलं नाही, देव जाणे. शेवटी शिपाईमामांनी पेचकस आणला आणि कुलपाला हात न लावता बिजागऱ्याच काढल्या. दार जिन्याखाली उभं करून ठेवलं. ते परत बसवायचं राहून गेलं. पुढे जे काही झालं त्याला मी जबाबदार नाही, त्या बिजागऱ्या आहेत.

वर्गात जाऊन मी उत्साहाने सांगितलं, “मुलांनो, भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाने आपल्या मनाने काहीतरी लिहून आणायचं.”

वर्ग चिडीचूप. मग एक हात वर आला. “बाई, मुद्दे देणार का?”

दुसरा हात. “किती ओळी?”

तिसरा हात खरा प्रामाणिक होता. “बाई, मनाने म्हणजे कुठल्या पुस्तकातून?”

आठवड्याभरात माझ्या टेबलावर वाङ्मयाचा ढीग पडला. त्यात चुकायला कुठे जागाच नव्हती. पावसाळ्यातल्या त्या एका दिवशी सगळ्यांच्या घरी गरमागरम भजी झाली होती. जिच्या घरी भजी करायला परवाच तेल नव्हतं, तिच्याही घरी. सहलीला सगळे पहाटे शाळेच्या मैदानावर जमले होते, गाडीत सगळ्यांनी गाणी म्हटली होती आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर सगळ्यांना केव्हा झोप लागली ते कळलंच नव्हतं. वास्तविक त्या सहलीत गाडी घाटात बंद पडली होती, चार जणांना उलट्या झाल्या होत्या आणि एका मुलाचा डबा माकडाने नेला होता. माकडाचा कुठेही उल्लेख नाही. “अरे, माकडाचं का नाही लिहिलंस?” असं विचारलं तर डब्याचा मालक म्हणाला, “बाई, ते मुद्द्यांत नव्हतं.”

आत्मवृत्तांची तर रांग होती. फाटकं पुस्तक, मोडकी छत्री, जुनं घड्याळ, ओसाड बसथांबा, सगळे एकजात बोलत होते. सगळ्यांनी आधी ‘घाबरू नकोस मित्रा’ म्हणून धीर दिला, मग आपले सुखाचे दिवस सांगितले, मग दुःखाचे, आणि एवढे बोलून सगळे गप्प झाले. छत्री आणि बसथांबा यांच्या आयुष्यात इतकं साम्य असेल असं मला वाटलं नव्हतं. कवितांखाली ‘संकलन’ असं लिहून मुलांनी स्वतःचं नाव, इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक टाकला होता. एका पाचवीतल्या बाळाने पसायदानाचंही संकलन केलं होतं.

लेख इतके गुळगुळीत का, याचा उलगडा पालकसभेत झाला. एका वडिलांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “मॅडम, माझा पाऊस कसा वाटला?”

चित्रकलेच्या सरांनी अंकाला वेलबुट्टीची चौकट काढली, मथळ्यावर चमकी लावली, आणि जुलैचा अंक लागला. तो कोणी वाचला? ज्यांची नावं होती त्यांनी आपलं नाव बरोबर आहे की नाही ते पाहिलं. त्यांच्या पालकांनी फोटो काढला. बाकी मुलं पाणी पिऊन झाल्यावर अंकाला पाठ टेकून उभी राहत. दोन दिवसांत चमकी त्यांच्या शर्टांवर आणि वेलबुट्टीवर पाण्याचे ओघळ.

हे आपल्याकडे पहिल्यापासून असंच चालत आलं आहे म्हणावं, तर तशीही सोय नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृह पाहत होते, तेव्हा तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. दैनिक! स्वतःच्या हाताने, रोज. पुढे 1928 साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केलं. आमच्या भित्तिपत्रक समितीत पाच सदस्य आणि दोन निमंत्रित आहेत, अंक त्रैमासिक आहे, आणि आम्ही दर वेळी मुदतवाढ मागतो. साने गुरुजींच्याही कितीतरी आधी, 1855 साली, फुले पतिपत्नींच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी मुलीने धर्माला आणि समाजाला सरळ प्रश्न विचारले. तिला कोणी मुद्दे दिले नव्हते, हे आपलं नशीब. दिले असते तर आज आपल्या हाती ‘माझी शाळा’ पडली असती, जिच्यासमोर सुंदर बाग आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा तेही सरकारी शाळेत मास्तर होते. पुढे त्यांची रत्नागिरीला बदली झाली. आमच्या स्टाफरूममध्ये या सगळ्या इतिहासातून एकच बोध घेतला जातो, तो म्हणजे मास्तराने फार लिहू नये.

अशात 1 ऑगस्ट आला. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती. या दिवशी आमच्या शाळेत शेंगांची गोष्ट किमान सहा वेळा होते. मुलांना ती इतकी पाठ की वक्त्याच्या आधी श्रोतेच टरफलांपाशी पोचलेले असतात. सातवी ब मधला एक गोरागोमटा वक्ता उभा राहिला. गेली तीन वर्षं तो हेच भाषण करून पेन जिंकतो. मूठ आवळून, छाती काढून त्याने गर्जना केली, “मी टरफलं खाल्ली नाहीत, मी शेंगा उचलणार नाही!”

सभागृहात हशा. तो थांबला. पुढचं सगळं पार पुसलं गेलं होतं. त्याने छताकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि मग पाठांतर संपल्यावर माणूस नाइलाजाने जे करतो ते तो करू लागला. तो विचार करू लागला.

“पण मग,” तो सावकाश म्हणाला, “ती टरफलं उचलली कुणी?”

दारात उभे असलेले शिपाईमामा म्हणाले, “आम्हीच.”

त्या दिवशी टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापक माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, “हे भाषण कुणी लिहून दिलं?”

“सर, लिहून दिलेलं तो विसरला.”

“मग हे बोललं कोण?”

“तोच.”

“तोच कसा? त्याला कसं सुचेल?” आणि ते खरोखर चिंतेत पडले.

माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळला. पुढचा अंक ‘फजिती विशेषांक’. आपलं काय फसलं, कसं फसलं, मग काय केलं, एवढंच लिहायचं. यश आणायचं नाही. मुख्याध्यापकांच्या टेबलावर प्रस्ताव ठेवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि खिडकी लावून घेतली.

“बाई, शाळेत फजिती होते हे आपण स्वतःहून भिंतीवर लावायचं?”

“सर, मुलांची फजिती.”

“मुलं कुणाची? शाळेची. त्यापेक्षा ‘अनुभवाचे मोती’ नाव ठेवा. आणि प्रत्येक लेखाखाली तात्पर्य हवं. तात्पर्याशिवाय लेख म्हणजे…” त्यांना उपमा सापडली नाही. “म्हणजे बरं नव्हे.”

बऱ्याच घासाघिशीनंतर नाव ‘फजिती विशेषांक’ राहिलं. त्या बदल्यात मथळ्याशेजारी सरस्वती मोठी काढायचं ठरलं.

पालकांच्या वॉट्सअ‍ॅप गटावर सूचना टाकली आणि रात्री साडेदहापर्यंत फोन गरम झाला. ‘ही स्पर्धा आहे का?’ ‘प्रमाणपत्र मिळणार का?’ ‘फजिती किती शब्दांत?’ एका आईने फार कळकळीने विचारलं, ‘मॅडम, आमच्या आर्याची फजिती होतच नाही. तिला कोणती द्यायची?’ (मुलीचं नाव मी बदललं आहे, तिच्या आईला हा लेख सापडला तर माझ्या फजितीवर निराळा अंक निघेल.) एका वडिलांनी मुलाच्या नावाने स्वतःचीच फजिती पाठवली. तीत ते 1998 साली बँकेच्या परीक्षेत नापास झाले होते. लेखक इयत्ता सहावी.

पहिल्या फेरीत आलेल्या फजित्याही गाईडमधूनच आल्यासारख्या होत्या. प्रत्येकात एडिसन होता. दिवा लागेपर्यंत त्याचे किती प्रयोग फसले याचा आकडा मुलागणिक वाढत गेला होता आणि शेवटच्या वहीत तो लाखावर पोचला होता. एडिसन नसेल तिथे भिंतीवरून पडणारा कोळी होता. आमच्या फलकामागच्या कोळ्यांना आपल्या घराण्याची ही थोरवी माहीत असती तर त्यांनी जाळी एवढी सैल विणली नसती.

कोंडी फुटली ती कच्च्या वहीमुळे. सहावीतली एक मुलगी, जिला मी नुकतंच संपादक केलं होतं (कारण तिला ड्रॉइंग पिना न वाकवता लावता येतात), दोन कागद घेऊन आली. एका मुलाचं एक कच्चं, एक पक्कं. कच्च्यात होतं: ‘मी सायकल आजोबांच्या अंगावर घातली. ते ओरडले ब्रेक दाब. मी ओरडलो कुठे असतो. मग आम्ही दोघे शेणात.’ घरच्यांनी नीट करून दिलेल्या पक्क्यात होतं: ‘सायकल चालवणे हा उत्तम व्यायाम आहे. त्यामुळे इंधनाची बचत होते.’

“बाई,” ती म्हणाली, “कच्चं लावलं तर चालेल का? पक्क्यात आजोबाच नाहीत.”

फार मोठा धोरणात्मक निर्णय मी त्या वेळी भूक लागली होती म्हणून चटकन घेतला. लाव म्हटलं.

कच्चं लावायचं म्हणजे माझ्या लाल पेनाचा उपास. मराठी शुद्धलेखनाचे अठरा नियम मला झोपेत येतात, एकोणिसावा मी घरी काढला आहे. ‘आणि’ला दीर्घ वेलांटी दिसली की माझा उजवा हात आपोआप उठतो, लग्नपत्रिकांवर उठतो, दुकानांच्या पाट्यांवर उठतो, एकदा श्रद्धांजलीच्या फलकावरही उठला होता. संपादकबाईने उपाय काढला. अंक लावताना ती मला टाकीच्या पलीकडे उभी करायची. तिथून अक्षरं दिसतात, वेलांट्या दिसत नाहीत.

मग खऱ्या फजित्या आल्या. आठवीतल्या एकीने दिवाळीत पुरणपोळ्या करायला घेतल्या होत्या. (दिवाळीत का, हा प्रश्न तिच्या आजीलाही पडला होता.) डाळीतलं पाणी नीट निथळलं नाही आणि पुरण सैल. आजीने सांगून ठेवलं होतं की पुरणात उलथनं उभं राहिलं की समजावं झालं. तिने लिहिलं होतं: ‘मी उलथनं कढईच्या काठाला टेकवून उभं केलं आणि आजीला हाक मारली.’ पुढे पोळ्या लाटताना फुटल्या, पुरण बाहेर आलं, तवा धुरला, आणि शेवटी घरातल्यांनी ते पुरण दूध घालून वाटीतून खाल्लं. हरित सेनेतल्या एका शिलेदाराने भेंडी लावली होती. तण काढताना त्याने भेंडी उपटली, तण ठेवलं, आणि पंधरा दिवस तणाला पाणी घातलं. ‘त्याला फूल आल्यावर मला शंका आली,’ असं तो लिहितो. एका कवीने आईवर कविता केली होती आणि खाली फजिती म्हणून यमकाचा हिशेब दिला होता: ‘आई’ला ताई, घाई, साई, मलई एवढं सापडलं, मलई वापरल्यामुळे आई कवितेत दुधावर गेली ती परत आलीच नाही.

सर्वांत गाजली ती पाण्याची गाळणी. विज्ञान प्रदर्शनात एकाने प्लॅस्टिकची बाटली उलटी टांगून, तिच्यात वाळू, खडी आणि कोळसा भरून जलशुद्धीकरण केलं होतं. परीक्षकांसमोर त्याने वरून नळाचं स्वच्छ पाणी ओतलं, आणि खालून काळंकुट्ट आलं. परीक्षक म्हणाले, “म्हणजे हे उलट दिशेने चालतं का?” बिचाऱ्याने ते जसंच्या तसं लिहिलं आणि शेवटी प्रश्न टाकला, ‘असं का झालं?’

आता दार तर बिजागऱ्यांसकट जिन्याखाली. दुपारच्या सुट्टीत कुणीतरी पेन्सिलीने खाली लिहिलं, ‘कोळसा धुतला होता का?’ दुसऱ्या दिवशी लेखकाचं उत्तर, ‘कोळसा धुतात हे माहीत नव्हतं. आज धुतो.’ तिसऱ्या दिवशी, ‘धुतला. पाणी कमी काळं. पण वाळू खाली आली.’ त्यावर दोन वेगवेगळ्या अक्षरांत, ‘तोंडाला कापूस लाव’ आणि ‘बारीक वाळू खडीच्या वर पाहिजे, खाली नाही, येड्या.’ मग, ‘कापूस लावला. आता पाणीच येत नाही.’ ‘कापूस किती?’ ‘सगळा.’ पंधरवड्याच्या शेवटी त्याने एका बाटलीत स्वच्छ दिसणारं पाणी आणून फलकाखाली ठेवलं, तेव्हा विज्ञानाच्या बाई धावत आल्या आणि स्वतःच्या पेनने त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘दिसलं स्वच्छ तरी पिऊ नये. याने जंतू मरत नाहीत. उकळणे.’ त्याच्याखाली एक ओळ अशी होती: ‘बाई, एकाने प्यायलं.’ त्याला काही झालं नाही. त्याने मात्र पुढच्या अंकासाठी पोटदुखीवर लेख दिला, जो मी काल्पनिक म्हणून परत केला.

टाकीपाशी गर्दी होऊ लागली. मुलं पाणी न पिता नुसती वाचत उभी राहत. पाचवीतली मुलं आठवीतल्यांना चुका विचारू लागली आणि आठवीतली सांगू लागली, हे आमच्या शाळेच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. एरवी आठवीतली पाचवीतल्यांशी फक्त ‘ए, सरक’ एवढंच बोलतात. गर्दी पाहून मुख्याध्यापकांनी शिस्तीची सूचना लावली: ‘भित्तिपत्रकावर लिहू नये. तसेच शुध्दलेखनाकडे लक्ष द्यावे.’ तासाभरात तिथल्या ‘ध्द’भोवती कुणीतरी पेन्सिलीने गोल केला आणि समासात ‘द्ध’ असं लिहून पुढे नम्रपणे ‘सर’ असं जोडलं. हस्ताक्षर शोधून काढण्याची मोहीम मला देण्यात आली. मी टाकीच्या पलीकडून पाहिलं. मला काही दिसलं नाही.

आणि मग तपासणी आली. आदल्या दिवशी शाळेत धावपळ. कुंड्यांना गेरू, पोरांच्या नखांना कात्री, खिचडीत शेंगदाणे. मुख्याध्यापकांनी सुचवलं की फजिती एक दिवस उतरवून गेल्या वर्षीचा पर्यावरण दिन परत लावावा. शोधायला गेलो तर पर्यावरण दिनाच्या पाठकोऱ्या बाजूवर संपादक मंडळाने पुरणपोळी लिहून काढली होती. फजिती राहिली.

साहेब फलकासमोर थांबले. आमचे श्वास अडकले. त्यांनी एक अक्षर वाचलं नाही. मोबाइल काढला, मुख्याध्यापकांना फलकाशेजारी उभं केलं, जिओ-टॅग फोटो घेतला, दोनदा घेतला कारण पहिल्यात सरस्वतीच आली होती, आणि विचारलं, “हा उपक्रम कोणत्या अध्ययन निष्पत्तीत बसतो?”

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी संपादकबाईकडे पाहिलं.

“फजिती, सर,” ती म्हणाली.

“चांगलंय. अहवाल द्या. उद्दिष्टे, कार्यवाही, फलनिष्पत्ती.”

आम्ही अहवाल दिला. उद्दिष्ट: विद्यार्थ्यांची फजिती. कार्यवाही: पूर्ण. फलनिष्पत्ती: शंभर टक्के. तो वर मंजूर झाला, म्हणजे तोही कुणी वाचला नाही.

त्यानंतर व्हायचं तेच झालं. उपक्रम मंजूर झाल्याबरोबर त्याची नोंदवही आली. प्रत्येक तुकडीने दरमहा किमान दोन फजित्या सादर कराव्यात, वर्गशिक्षकांनी त्या पडताळून सही करावी, उत्कृष्ट फजितीस स्मृतिचिन्ह. पंधरा दिवसांत शाळेत जिकडेतिकडे मुलं मुद्दाम पडू लागली. एकाने आईच्या देखरेखीखाली तीनदा भात करपवला. तिसऱ्यांदा करपला नाही म्हणून आई माझ्याकडे तक्रार घेऊन आली. ‘फजिती : एक चिंतन’ असा निबंध आला, त्यात मुद्दे होते आणि एडिसनही परतला होता. तालुक्यातल्या कुठल्याशा क्लासवाल्याने ‘अपेक्षित फजित्या’ काढल्याचं मुलं सांगत होती. तो कागद मला मिळाला नाही, मिळाला असता तर मी घेतला असता.

संपादक मंडळ नाराज झालं. तातडीची सभा टाकीपाशी झाली आणि तीत एकमताने ठराव आला की मुलांच्या फजित्या आता खोट्या होत चालल्या आहेत, सबब पुढचा अंक शिक्षकांच्या फजित्यांचा काढावा.

स्टाफरूममध्ये हा ठराव वाचून दाखवला तेव्हा जी शांतता पसरली ती मी परीक्षेच्या हॉलमध्येही पाहिलेली नाही. कुणालाच काही आठवेना. इतिहासाच्या सरांनी पानिपत देऊ केलं. “सर, तुमची स्वतःची,” म्हटल्यावर ते म्हणाले, “मग मला वेळ लागेल.” खेळाच्या सरांनी लिहिलं की एकदा शिट्टी घरी राहिली, पण त्यांनी तोंडाने वाजवली आणि ती जास्त मोठी वाजली, म्हणजे फजितीतही पहिला नंबर. मुख्याध्यापकांनी ‘माझ्या हातून शाळेवर जरा जास्तच प्रेम झालं’ अशा आशयाचा दीड पानी मजकूर दिला. मीही एक लेख लिहिला. दोनदा कच्चा, एकदा पक्का, घरी मोठ्याने वाचून पाहिला, शुद्धलेखन तीन वेळा तपासलं, शेवटी हलकीशी कारुण्याची छटा दिली. दुसऱ्या दिवशी त्याखाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘हे गाईडमधलं वाटतं.’ आणि खाली दहापैकी चार. त्यातही अर्धा गुण अक्षराचा.

गणिताच्या सरांनी मात्र कोरा कागद दिला. “माझी सव्वीस वर्षांच्या नोकरीत फजिती झालेली नाही,” ते म्हणाले. “लावायचं तर हेच लावा.”

संपादकबाईने वर सरांचं नाव, शिक्षण आणि विषय घातला, आणि कोरा कागद मधोमध लावला. मधली सुट्टी संपायच्या आत तो भरला. ‘सर, तुम्ही एकदा आठवी अ समजून आम्हाला पूर्ण तास शिकवलंत. आम्ही सहावी आहोत. आम्हाला समजलं पण होतं.’ ‘सर, आमच्या वर्गात मागे बसून तुम्ही झोपला होतात तेव्हा आम्ही शांत बसलो होतो.’ आणि मधोमध, ठळक अक्षरात, ‘सर, वर्गात मुली किती या उदाहरणाचं तुमचं उत्तर साडेसात आलं होतं. तुम्ही म्हणालात, असू दे.’

सर संध्याकाळी कागदासमोर बराच वेळ उभे होते. मग खिशातून पेन काढून त्यांनी लिहिलं, ‘पुस्तकातच चूक आहे.’

सकाळी खाली उत्तर होतं, ‘पुस्तकात 12 आहे, सर. मागच्या पानावर.’

सरांनी लिहिलं, ‘मग साडेचार मुली गेल्या कुठे?’

दोन दिवस फलकाभोवती तीच चर्चा. कुणी संपूर्ण उदाहरण परत सोडवलं, कुणी अर्ध्या मुलीचं चित्र काढलं, एकीने ‘त्या पोषण आहाराच्या रांगेत असतील’ अशी शक्यता मांडली. शेवटी पाचवीतल्या कुणीतरी, ज्याला बीजगणित म्हणजे काय हे अजून पुढच्या वर्षी कळायचं आहे, खालच्या कोपऱ्यात, हात पुरेल तिथे, लिहिलं, ‘सरांनी हातचा घेतला नव्हता.’

त्याखाली सरांची सही आहे, तारीख आहे, आणि वर त्यांनी दिलेला खुलासा: ‘घेतला होता. परत द्यायचा राहिला.’